विज्ञान-शिक्षकांची साधने (पनवेल परिसर)

पनवेलमधल्या शाळांच्या विज्ञान-शिक्षकांना हाताशी असलेल्या संस्था, पुस्तके, खेळणी आणि निसर्ग यांची ही नोंद. युरोपात बड्या संशोधनसंस्थांनी मिळून २००६ साली शिक्षकांसाठी ‘सायन्स इन स्कूल’ हे नियतकालिक सुरू केले. पनवेलकर शिक्षकाला अशा कामाचे जवळचे ठिकाण म्हणजे मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. हार्बरच्या लोकलने गाडी न बदलता तिथे पोचता येते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हे केंद्र १९७४ मध्ये स्थापन केले. व्ही. जी. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक. जळगाव जिल्ह्यातील खिरोडा परिसरातल्या ग्रामीण शाळांत केंद्राने सुरुवातीच्या वर्षांतच काम केले. त्या काळातल्या संशोधनातून पुढे आले की मुलांना विज्ञानाइतकीच पाठ्यपुस्तकाची बोजड भाषाही अडते. शिक्षकाने हा निष्कर्ष कधीही नजरेआड करू नये. केंद्राच्या जयश्री रामदास यांची ‘स्मॉल सायन्स’ ही प्राथमिक वर्गांची पुस्तकमाला आजही वर्गात न्यावी अशी आहे. याच हार्बर मार्गावर चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचे (स्थापना १९६६) विज्ञान भवन आहे; परिषदेची पत्रिका मराठीतून शिकवणाऱ्यांना विशेष उपयोगी.

साहित्यासाठी पैसा नसला तर अरविंद गुप्तांची खेळणी आहेत. काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडायच्या. चौकोन बोटाने दाबताच कलतो, त्रिकोण मात्र हलत नाही. पुलांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलांना मग सांगावे लागत नाही.

पनवेलचा खरा ठेवा मात्र शाळेबाहेर आहे. तालुक्यातल्या कर्नाळा अभयारण्यात पक्षी पाहता येतात आणि किल्ल्याच्या सुळक्यात दख्खनच्या लाव्हाचा खडक. शिवाय पनवेल १९ अंश उत्तर अक्षांशाजवळ असल्याने सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, नेमका डोक्यावर येतो. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास मैदानात सरळ रोवलेल्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच नाहीशी होते. कर्कवृत्ताच्या उत्तरेला असलेल्या युरोपातल्या कुठल्याही शाळेला हा प्रयोग करता येत नाही. अडचण एवढीच की मेमध्ये शाळांना सुट्टी असते आणि जुलैत आभाळ भरलेले. म्हणून मेमधल्या त्या दिवशी मुलांना मुद्दाम बोलवावे, किंवा घरच्या अंगणात, गच्चीत काठी रोवून दर पाच मिनिटांनी सावलीची टोके खडूने टिपायला सांगावे.