रतलामची गटारे आणि राज्यघटना

रतलामच्या न्यू रोडवर उघडी गटारे तुंबत, मद्यार्क कारखान्याचे घाण पाणी रस्त्यावर येई आणि शौचालयांअभावी झोपडीवासी गटारांकाठीच बसत. रहिवाशांनी १९७२ मध्ये दंडाधिकाऱ्याकडे धाव घेतली. नगरपालिकेचे उत्तर ठरलेले: तिजोरीत पैसा नाही. (हे उत्तर अजून शिळे झालेले नाही.) १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्णा अय्यर यांनी ते फेटाळले. कायद्याने सोपवलेली सफाई पैशाअभावी टळत नाही. तोवर ४२व्या घटनादुरुस्तीने कलम ४८-अ आणून पर्यावरणरक्षण राज्यसंस्थेच्या माथी टाकले होते. नगरपालिकांच्या वाट्याला ते १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४व्या दुरुस्तीने आले: बाराव्या अनुसूचीतील अठरापैकी आठवा विषय, तोही राज्य विधिमंडळ सोपवील तेवढाच.