वयाचा दाखला आणि शीलाचा दाखला

निजामी राजवटीत सरकारी कागदपत्रांतून फसली सन चाले. त्यात 590 किंवा 591 मिळविले म्हणजे इसवी सन निघे. घरच्या पंचांगात मात्र शालिवाहन शक, मास आणि तिथी. तारनाक्याजवळील उस्मानिया विद्यापीठात मराठवाड्यातून शिकावयास येणाऱ्या मुलांच्या जन्मकाळाला अशी दोन-तीन रूपे असत. परंतु अशा गणनाभेदाने एखाद्याच्या सचोटीवरच बालंट येऊ शकते, हे त्यापूर्वी कितीतरी आधी एका महाराष्ट्रीय तरुणाने अनुभविले होते.

त्यांचे नाव श्रीपाद बाबाजी ठाकूर. 1869 साली लंडनमध्ये झालेल्या सिव्हिल सर्व्हिसच्या स्पर्धापरीक्षेत ते उत्तीर्ण झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे तिघे बंगाली तरुणही त्याच वर्षीचे. उमेदवाराचे वय 17 ते 21 वर्षांच्या आत असावे, प्रकृती निरोगी असावी आणि सद्वर्तनाचे प्रमाण असावे, असा नियम होता. विद्येची परीक्षा पार पडली. वयाची मात्र नव्याने सुरू झाली. ठाकूर आणि बॅनर्जी यांची वयोमर्यादा उलटून गेली आहे, असे परीक्षा आयुक्तांनी ठरविले व दोघांची नावे यादीतून कमी केली.

बॅनर्जींचा जन्म 10 नोव्हेंबर 1848 चा. 1863 च्या डिसेंबरात कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी त्यांचे वय 16 लिहिले गेले, कारण त्यांना सोळावे लागले होते. आपल्याकडे चालू वर्ष मोजण्याची रीतच आहे. मुंजीचा काळ तर गर्भाष्टम, म्हणजे गर्भापासून धरलेला! इंग्रजांनी ते पूर्ण झालेले 16 मानले, आणि हिशेब बिघडला.

येथे प्रश्न केवळ नोकरीचा नव्हता. जो वय चोरतो त्याच्या सद्वर्तनाच्या दाखल्याला काय अर्थ? एक आकडा खोटा ठरताच सारे शील संशयित ठरत होते. शिवाय त्या काळी हिंदू घरात जन्माची नोंद म्हणजे बहुधा जोश्याने मांडलेली पत्रिका. जन्म-मृत्यूच्या ऐच्छिक नोंदणीचा सर्वसाधारण कायदा आला तो 1886 साली.

बॅनर्जींनी क्वीन्स बेंच न्यायालयाचे दार ठोठावले. हिंदू वयोगणनेचा खुलासा तेथे मांडला गेला आणि अखेर आयुक्तांना माघार घ्यावी लागली. बॅनर्जींबरोबर ठाकूरांचे नावही पुन्हा यादीत आले.