तोंड चुकविणारा आणि परागंदा : समन्सबजावणीविषयी एक टिपण

प्रतिवादी सापडत नसेल तर त्याला दाव्याची वार्ता कशी द्यावी, हा प्रश्न जितका कायद्याचा तितकाच शब्दार्थाचाही आहे. पेशवाईत माणसास बोलावून आणण्यास प्यादा जाई. त्याच्या खर्चाबद्दल बोलाविलेल्याकडूनच घेतल्या जाणाऱ्या रकमेस 'मसाला' म्हणत. (मोडी कागद प्रथमच वाचणारे विद्यार्थी या शब्दाशी हटकून अडखळतात.) 'समन्स' हा शब्द मात्र इंग्रजी अमदानीतला. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ 'हळूच सुचविणे' असा आहे. पुढे तो चव्हाट्यावर कागद डकविण्यापर्यंत यावा, हे नवलच होय.

वऱ्हाड १८५३ मध्ये कंपनीच्या कारभाराखाली आले, तरी सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे स्वतंत्र हुकमाने लागू करावे लागत. आज राळेगावातही १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिताच चालते. तिच्या पाचव्या आदेशातील सतराव्या नियमान्वये प्रतिवादी भेटला नाही, तर बेलिफ समन्साची नक्कल त्याच्या घराच्या बाहेरील दारावर डकवितो, आणि घर कोणी दाखविले व कोणासमक्ष कागद लावला हे नमूद करून अहवाल देतो. एवढ्यानेही भागले नाही तर विसावा नियम आहे : कचेरीत व घरावर नक्कल लावणे, किंवा न्यायालयास योग्य वाटेल तो अन्य मार्ग. वृत्तपत्रातील जाहिरातीविषयीचे पोटकलम १९७६ च्या दुरुस्तीने आले.

या विसाव्या नियमाची शब्दयोजना बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रतिवादी बजावणी टाळीत असेल, 'किंवा अन्य कोणत्याही कारणास्तव' बजावणी होत नसेल, तर हा मार्ग खुला होतो. मराठी येथे दोन माणसे पाहते : एक तोंड चुकविणारा, दुसरा परागंदा. 'परागंदा' म्हणजे मूळ फारसीत विखुरलेला. कर्जाच्या दाव्यात राळेगावचे घर बंद करून मजुरीसाठी परमुलखात गेलेला शेतकरी दुसऱ्या वर्गातला. पण कुलूप लावलेल्या दारावरचा कागद दोघांनाही सारखाच लागू पडतो. अशी बजावणी प्रत्यक्ष हाती दिल्याइतकीच परिणामकारक होय, असे नियमच सांगतो, आणि माणसाच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो.

मात्र १९६३ च्या मुदत कायद्याचा १२३ वा अनुच्छेद वेगळे बोलतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करविण्यास तीस दिवसांची मुदत आहे; समन्स रीतसर बजावले गेले नसेल तर ती हुकूमनामा कळल्या दिवसापासून धरावयाची. आणि याच अनुच्छेदाचे स्पष्टीकरण म्हणते की, विसाव्या नियमाची बजावणी या कामी 'रीतसर' मानू नये. संहितेने जे झाले असे मानले, ते मुदत कायदा येथे झाले असे मानीत नाही. परागंदा माणसाला मिळालेली ही सवलत मला संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत प्रामाणिक ओळ वाटते. सतराव्या नियमान्वये दारावर लावलेल्या कागदाचा मात्र या स्पष्टीकरणात उल्लेख नाही.

आता दाराची जागा भ्रमणध्वनी घेत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, व्हॉट्सअॅपवरील नोटीस पोहोचून उघडली गेल्याच्या खुणा पाहून, बजावणी झाली असे मानले. २०२० च्या महासाथीत सर्वोच्च न्यायालयानेही अशा साधनांस मुभा दिली. तोंड चुकविणाऱ्यास ही खूण पकडते. परागंदा माणसाचा जुना क्रमांक बंद पडलेला असला, तर तेथे ती खूण उमटतच नाही, आणि प्रकरण पुन्हा विसाव्या नियमाकडे येते.