शिरोरेषेचा सांधा : धातूच्या खिळ्यापासून वेक्टरच्या वक्रापर्यंत

दुकानाच्या पाटीसाठी ‘कमल’ हा शब्द संगणकावर टंकित केला की तिन्ही अक्षरांवरून एकच अखंड शिरोरेषा गेलेली दिसते. तोच शब्द रेडियम कापणाऱ्या प्लॉटरकडे पाठवला की पाते प्रत्येक अक्षराभोवती स्वतंत्रपणे फिरते आणि शिरोरेषा दोन ठिकाणी चिरली जाते. यात यंत्राची चूक नसते. डोळ्याला जे जुळलेले दिसत होते, ते यंत्राच्या लेखी कधी जुळलेलेच नव्हते. दिसणे आणि असणे यांतील हे अंतर मिटवण्याचा प्रयत्न म्हणजे भारतीय अक्षरतंत्राच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण आहे.

ही अडचण संगणकापेक्षा जुनी आहे. धातूच्या खिळ्यांनी छपाई होत असे तेव्हा देवनागरीचे प्रत्येक अक्षर आपल्यापुरता शिरोरेषेचा तुकडा घेऊन येत असे. जुळारी खिळे शेजारी शेजारी लावी आणि कागदावर तुकड्यांची रेषा होई. खिळा झिजला किंवा जुळणी सैल झाली की शब्दाच्या माथ्यावर भेग पडे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी छपाईत जो लौकिक मिळवला, त्यामागे अशा बारकाव्यांवरील हुकमत होती. रोमन अक्षरांना हा प्रश्न मुख्यतः नव्हता, कारण छापील रोमन अक्षर सुटेच उभे राहते. देवनागरी, बांगला आणि गुरुमुखी या लिप्यांत मात्र माथ्यावरची रेषा शब्दाला एकत्र बांधते.

संगणकावरील रेषेचे गणित जन्मले ते फ्रान्सच्या मोटार कारखान्यांत. सित्रोएनमधील पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमधील पिएर बेझिए यांनी १९६०च्या सुमारास, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गाडीच्या पत्र्याचे वळण मोजक्या नियंत्रण-बिंदूंनी सांगण्याची रीत शोधली. दोन वक्र जोडण्याचा नियमही त्यातूनच आला. दोन्ही वक्रांची टोके एकाच बिंदूवर आली की सांधा होतो. पण तो गुळगुळीत हवा असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंचे नियंत्रण-बिंदू सांध्यासह एका सरळ रेषेत यावे लागतात. अन्यथा तेथे कोपरा उरतो.

१९८२ साली स्थापन झालेल्या अडोबीने पोस्टस्क्रिप्ट या भाषेत हेच वक्र छपाईसाठी वापरले आणि १९८७ साली इलस्ट्रेटर हे चित्रणसाधन बाजारात आणले. या जगात आकृती म्हणजे पाथ. ज्याची दोन टोके मोकळी तो खुला पाथ, ज्याची टोके मिळालेली तो बंद पाथ. दोन खुल्या पाथांची टोके सांधणे ही एक क्रिया. एकमेकांवर चढलेल्या दोन बंद आकृत्यांचा एकच बाह्याकार करणे ही दुसरी. कोरलड्रॉमध्ये या दुसऱ्या क्रियेला वेल्ड म्हणतात. तिच्याऐवजी नुसते कम्बाइन केले तर दोन्ही आकृत्या एका पाथात येतात खऱ्या, पण जेथे त्या एकमेकींवर चढल्या होत्या तेथे रंग भरण्याऐवजी पोकळी पडते. भारतभरच्या पाट्यांच्या दुकानांतील कारागीर हा भेद पुस्तकातून नव्हे, वाया गेलेल्या साहित्यातून शिकले.

भारतीय लिप्यांसाठी हा विचार संशोधनाच्या पातळीवरही लवकर सुरू झाला. डोनल्ड नुथ यांनी मेटाफॉन्ट ही अक्षरे घडवण्याची प्रणाली जेथे विकसित केली, त्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९८३ साली पी. के. घोष यांचा भारतीय लिप्यांवरील अहवाल प्रसिद्ध झाला. अक्षराची घडण आणि मजकुराची जुळणी हे दोन्ही विषय त्यात एकत्र हाताळलेले होते. भारतीय लिप्यांत तसे करणे अपरिहार्यच असते; अक्षर कसे जुळणार हे ठरल्याखेरीज ते कसे काढावे हे ठरत नाही. मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी पुढे ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट रेखला. विंडोज २०००बरोबर तो संगणकांवर पोहोचला आणि कोट्यवधी लोकांनी आपली भाषा पडद्यावर वाचली ती त्याच अक्षरांत.

अशा फॉन्टमध्ये शिरोरेषेचा सांधा युक्तीने साधलेला असतो. प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेचे टोक त्याच्या ठरलेल्या रुंदीपेक्षा किंचित बाहेर काढून शेजारच्या अक्षरावर चढवले जाते. दोन्ही ठिकाणी शाई एकाच रंगाची असल्याने भेग दिसत नाही. कोणता शब्द लिहिला जाईल हे फॉन्ट घडवणाऱ्याला आधी माहीत नसते. म्हणून सांधा कायमचा करता येत नाही, तो प्रत्येक शब्दात नव्याने घडतो. रुपयाच्या चिन्हाशी तुलना केली की हा फरक स्पष्ट होतो. डी. उदयकुमार यांनी रेखलेले ते चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या ६.० आवृत्तीत त्याला स्थान मिळाले. त्याच्या माथ्यावरही शिरोरेषाच आहे. पण चिन्ह एकटे उभे राहते, म्हणून त्याचे सारे भाग एकदाच सांधून टाकता येतात.

सांधणे हीच प्रगती, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. २०१६ साली ओपनटाइपच्या १.८ आवृत्तीने चल फॉन्टची सोय केली. त्यात एकाच फॉन्टमधून अक्षराची जाडी वा रुंदी हवी तशी बदलता येते. भाग सुटे असले तर ते स्वतंत्रपणे सरकू शकतात. म्हणून अशा फॉन्टमध्ये एकमेकांवर चढलेले पाथ अनेकदा मुद्दाम न सांधता ठेवले जातात. मुंबईच्या एक टाइपने घडवलेले ‘अनेक’ हे कुटुंब नऊ भारतीय लिप्या आणि रोमन यांना या तंत्रात एकत्र आणते.

पाटीच्या दुकानातले शहाणपणही हेच सांगते. एकदा वेल्ड केलेला ‘कमल’ हा शब्द उरत नाही, ती केवळ आकृती होते. त्यातील चुकलेली वेलांटी पुन्हा टंकून सुधारता येत नाही. म्हणून जाणता कारागीर दोन फाइली जपतो. एक सांधलेली, पात्याखाली जाणारी. आणि एक सुटी, उद्याच्या दुरुस्तीसाठी.