महावीराचार्यांचे गणित आणि दुकानातील अपूर्णांक

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या राज्यकालात, सुमारे इ. स. ८५० मध्ये, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजेच आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. आर्यभट व ब्रह्मगुप्त यांनी गणित लिहिले ते ज्योतिषविषयक ग्रंथांचा भाग म्हणून. दिगंबर परंपरेतील महावीराचार्यांचा हा ग्रंथ मात्र निव्वळ गणिताला वाहिलेला आहे. पाकशास्त्रापासून छंदशास्त्रापर्यंत गणितावाचून काहीच चालत नाही, असे त्यांनी आरंभीच आग्रहाने मांडले आहे.

ग्रंथाची नऊ प्रकरणे आहेत. व्यापाऱ्याने मुद्दाम पाहावे असे प्रकरण ‘मिश्रक-व्यवहार’ हे होय. एकत्र दिलेल्या रकमेतून मुद्दल व व्याज वेगळे करणे, भागीदारांत वाटणी करणे, निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र केल्यावर त्याचा कस काढणे, अशी रोजच्या व्यवहारातील गणिते त्यात आहेत. त्यांतील एक फारच प्रसिद्ध आहे. नऊ महाळुंगे व सात कवठे यांची किंमत मिळून १०७ होते. सात महाळुंगे व नऊ कवठे घेतली तर १०१. प्रत्येक फळाचा भाव किती?

शाळेत आज ज्याला दोन चलांतील रेषीय समीकरणे म्हणतात, तीच ही. महावीराचार्यांची रीत अशी : मोठी किंमत मोठ्या संख्येने गुणावी, १०७ × ९ = ९६३. लहान किंमत लहान संख्येने गुणावी, १०१ × ७ = ७०७. वजाबाकी २५६. तिला दोन्ही संख्यांच्या वर्गांच्या फरकाने, म्हणजे ८१ − ४९ = ३२ ने भागावे. महाळुंगाचा भाव ८ निघतो. गुणकांची अदलाबदल केली की कवठाचा भाव ५ येतो. गल्ल्यावर बसणाऱ्यास हेच उत्तर तोंडीही काढता येईल. दोन्ही खरेद्या एकत्र केल्या तर सोळा जोड्यांचे २०८, म्हणजे एका जोडीचे १३. आणि दोन्ही खरेद्यांतील ६ चा फरक दोन महाळुंगे व दोन कवठे यांच्या भावातील, म्हणून एकेका फळाचा फरक ३. तेराची तीनच्या फरकाने फोड केली की आठ आणि पाच.

‘कलासवर्ण’ हे अपूर्णांकांचे प्रकरण त्याहून सखोल आहे. वेगवेगळ्या छेदांचे अपूर्णांक मिळवण्यासाठी लघुतम सामाईक विभाज्य घ्यावा, हे महावीराचार्यांनी स्पष्ट सांगितले व त्यास ‘निरुद्ध’ असे नाव दिले. एकाची फोड ज्यांचा अंश एक आहे अशा अपूर्णांकांत कशी करावी याचाही नियम त्यांनी दिला आहे : १/२ + १/३ + १/९ + १/१८ = १. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, हे त्यांचे विधान मात्र आज मान्य नाही. ग्रंथाचा गौरव करताना ते लपवण्याचे कारण नाही.

त्या काळी अपूर्णांक लिहिताना अंश वर व छेद खाली मांडत. दशांश अपूर्णांकांची रीत भारतात तेव्हा नव्हती. युरोपात तिचा प्रसार सायमन स्टेव्हिन यांच्या १५८५ सालच्या पुस्तिकेपासून झाला. महाराष्ट्रातील पेढ्यांवर तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी यांचेच राज्य होते.

१ एप्रिल १९५७ रोजी ते संपले. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे अथवा १९२ पै ही जुनी विभागणी जाऊन १०० नवे पैसे आले. आणा म्हणजे रुपयाचा १/१६, दशांशात ०.०६२५, येथे भागाकार नि:शेष होतो. जुना पैसा म्हणजे १/६४, तोही ०.०१५६२५ वर थांबतो. पै मात्र १/१९२, म्हणजे ०.००५२०८३३३… आणि पुढे तीन संपतच नाहीत. कारण साधे आहे. दहाचे मूळ अवयव २ आणि ५. संक्षिप्त रूपातील छेदात यांखेरीज दुसरा मूळ अवयव आला की दशांश रूप आवर्ती होते. १६ व ६४ यांत केवळ दोनच आहेत. १९२ मध्ये एक तीन शिरला आहे.

नि:शेष भागाकारानेही दुकानदाराची सुटका झाली नाही. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, पण सव्वासहाचे नाणे नव्हते. सरकारी कोष्टकाप्रमाणे एका आण्यास ६, दोन आण्यांस १२, तीन आण्यांस १९ व चार आण्यांस २५ नवे पैसे ठरले. एक-एक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या विकल्या तर दुकानदाराला २४ मिळत, एकत्र विकल्या तर २५. तीन आण्यांच्या एका वस्तूमागे गिऱ्हाईक पाव नवा पैसा जास्त देई. मोजमापात कमीजास्त करणे हा अचौर्याणुव्रताचा अतिचार मानणाऱ्या समाजाला हा पाव पैसा क्षुल्लक वाटण्याजोगा नव्हता. तो कोणाच्या पदरात पडावा हे कोष्टकाने ठरवले, तरी दिवसाअखेर वहीचा मेळ दुकानदारालाच घालावा लागे.

कापडाच्या धंद्यात पुढचा पेच गजाचा. मेट्रिक मापे १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. एक गज म्हणजे बरोबर ०.९१४४ मीटर. गजांचे मीटर करताना हिशोब चार दशांश स्थळांत पुरा होतो. उलट मीटरचे गज करू गेल्यास १२५०/११४३ हा अपूर्णांक मिळतो. ११४३ मध्ये ९ व १२७ हे अवयव असल्याने त्याचे दशांश रूप १.०९३६१… असे अखंड चालू राहते. गजाचा दोन रुपये भाव मीटरवर आणला की २ रुपये १८.७२… नवे पैसे येतात, आणि १९ घ्यावेत की १८, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. महावीराचार्यांच्या मांडणीत मात्र ते १२५० वर व ११४३ खाली इतकेच, आणि काहीही शिल्लक न राहता अचूक.

‘गणितसारसंग्रह’ १९१२ साली मद्रासहून एम. रंगाचार्य यांच्या इंग्रजी भाषांतरासह छापला गेला. हिंदी अनुवादासह त्याची आवृत्ती सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. रुपयाच्या लहान नाण्याला तेव्हा अजून ‘नवा पैसा’च म्हणत, त्यातील ‘नवा’ हा शब्द १ जून १९६४ रोजी गळाला.