मुंबई ते लंडन : अंतर मैलांचे आणि न्यायाचे

मुंबई व लंडन या दोन शहरांतील सरळ हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. विनाथांबा विमान ते साधारणपणे नऊ-दहा तासांत तोडते. आपल्या घरांतील नातवंडे रात्री निघतात आणि दुसऱ्या दिवशी सुखरूप पोहोचल्याचा निरोप देतात. परंतु याच वाटेवर एका मराठी माणसाच्या आयुष्याची चौदा वर्षे खर्ची पडली, याचे स्मरण आपण ठेवावयास हवे.

शिडाच्या जहाजांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून सुमारे 20,000 किलोमीटर जावे लागे. त्यात चार ते सहा महिने जात. 1830 साली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली. पुढे मिसरमधून खुष्कीने व भूमध्य समुद्रातून टपाल जाऊ लागले, तेव्हा हा काळ महिना-दीड महिन्यावर आला. त्याच काळात, 1839 मध्ये, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले आणि त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले. कंपनीच्या संचालकांपासून पार्लमेंटपर्यंत त्यांनी दाद मागितली. 1847 मध्ये महाराज काशीस निवर्तले, 1848 मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. तरीही रंगोबा 1853 पर्यंत झगडत राहिले. अखेर ते रिक्त हस्ते परतले.

न्यायदेवता दूर होती म्हणून असे झाले काय? या प्रश्नाचे उत्तर बडोद्यात सापडते.

1869 साली सुएझचा कालवा खुला झाला आणि सागरी अंतर सुमारे 11,600 किलोमीटरवर आले. 1870 मध्ये समुद्राखालील तार मुंबईपर्यंत पोहोचली. 1875 साली रेसिडेंट कर्नल फेअर यांस विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून मल्हारराव गायकवाडांची चौकशी झाली, तेव्हा त्यांच्या बचावासाठी सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील लंडनहून बडोद्यास आले. आयोगातील तिघा इंग्रज सभासदांनी आरोप सिद्ध मानला. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव यांनी मानला नाही. तरीही सरकारने गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केले. मल्हाररावांचा कारभार निर्दोष होता, असे मी म्हणणार नाही; पण चौकशी एका आरोपाची आणि शिक्षा दुसऱ्याच कारणासाठी, हे विसरता येत नाही.

पुढे विमाने आली. 1929 मध्ये लंडन-कराची हवाई टपाल सात दिवसांत येऊ लागले. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून ते अहमदाबादमार्गे मुंबईस आणले. 8 जून 1948 रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. तेव्हा देश स्वतंत्र होता आणि दाद मागण्यासाठी तेथे जाण्याचे कारण संपत आले होते.

सरकारी कागद हाताळण्यात माझी उभी हयात गेली. कागद लवकर पोहोचणे आणि त्यावर न्याय होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मी अनुभवाने शिकलो. पहिले अंतर यंत्र कमी करते. दुसरे मात्र ऐकणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते, मग तो सातासमुद्रापार असो वा समोरच्या खुर्चीत.