मालिकेतल्या लेकराला जात नसते

राजूरला संध्याकाळी भाकरी थापता थापता बाया टीव्हीवर मालिका पाहतात. नवरा-बायकोचं फाटलं, आता लेकरू कोणाकडे, यावर आठवडेच्या आठवडे जातात. आम्ही मात्र आधी दारावरची पाटी पाहतो. देशमुख, कामत, चौधरी. 'आई कुठे काय करते!' मधली अरुंधती देशमुख घटस्फोट घेते, 'माझी तुझी रेशीमगाठ'मधली नेहा कामत एकटीने परीला वाढवते. त्यांचं दुःख खोटं नाही. पण पडद्यावरची आई ज्या कायद्याच्या आधाराने कोर्टात उभी राहते, तो कोणाच्या झगड्यातून आला, हे आम्हाला अजून कोणत्या भागात ऐकू आलेलं नाही.

हिंदू कोड बिलात विवाह, घटस्फोट, वारसा यांच्यासोबत अज्ञान मुलांचं पालकत्वही होतं. ते बिल रखडवलं गेलं, हे बाबासाहेबांच्या सप्टेंबर १९५१ च्या राजीनाम्याचं एक मोठं कारण. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून कायदे झाले. पालकत्वाचा कायदा १९५६ चा. तो बौद्धांनाही लागू आहे. त्याचं सहावं कलम सांगतं : नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्या 'नंतर' आई, पाच वर्षांखालचं मूल मात्र सर्वसाधारणपणे आईजवळ. म्हणजे हगणं-मुतणं आईने काढायचं आणि सही बापाने करायची! या 'नंतर' शब्दाचा अर्थ 'बाप मेल्यावर' एवढाच नाही, बाप प्रत्यक्षात जबाबदारी घेत नसेल तरीही आई पालकच, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला १९९९ उजाडलं. लेखिका गीता हरिहरन यांनी रिझर्व्ह बँकेविरुद्ध लढलेला तो खटला.

आता कोणी म्हणेल, मराठी करमणुकीत दलित नवरा आलाच नाही काय? आला ना. तेंडुलकरांचं 'कन्यादान' १९८३ चं. समाजवादी ब्राह्मण घरातली ज्योती दलित कवी अरुण आठवलेशी लग्न करते आणि तो तिला मारतो, ती गरोदर असतानाही. मारणारे नवरे सगळ्या जातींत आहेत, आमच्या वस्तीतही आहेत, ते आम्ही लपवत नाही. पण रंगमंचावर आमच्या माणसाला घर मिळालं ते असं. त्या पोटातल्या लेकराचं पुढे काय, हे नाटकाने विचारलं नाही.

तो प्रश्न कोर्टाने विचारला. गुजरातमधल्या एका प्रकरणात आई आदिवासी, बाप सवर्ण. मुलाची जात आपोआप बापाचीच, असं धरून चालणार नाही; तो कोणत्या समाजात वाढला, काय सोसलं, ते पाहावं लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. कस्टडीच्या कथेत यापेक्षा जिवंत प्रसंग कोणता पाहिजे? पण त्यासाठी लेखकाला आधी लेकराला जात असते हे कबूल करावं लागेल, आणि कथा लिहिणाऱ्यांच्या खोलीत ते माहीत असणारं कोणी बसलेलं असावं लागेल.

आमच्याकडे नवऱ्याने टाकलेल्या बाया येतात. काहींचं लग्न आंतरजातीय. लेकरू बौद्ध आईच्या माहेरी वाढलेलं असतं, विहारात जातं, वस्तीतल्या शिव्या खातं. दहावी-बारावीनंतर जातीचा दाखला काढायला गेलं की पहिला प्रश्न येतो, बापाचे कागद कुठं आहेत? बाप दहा वर्षांपासून बेपत्ता. अशा आईच्या हाती आम्ही आता २०१२ च्या त्या निकालाची झेरॉक्स देऊन पाठवतो.